पोह्यांची वाफ आणि 10,000 रुपये

आज शाळेत 'इन्स्पायर मानक'साठी, म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांना मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या पुरस्कारासाठी, मुलांच्या कल्पना निवडल्या. एका शाळेतून पाचच पाठवता येतात, आल्या होत्या ढीगभर. बऱ्याचशा यूट्यूबवरून उचललेल्या. तो सेन्सरचा चष्मा दरवर्षी येतोच बुवा!

पण आठवीतली एक मुलगी! वडिलांची पोह्यांची गाडी आहे. आपले इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम ठेवतात, हे तुम्हाला ठाऊकच. सकाळच्या गर्दीत खालचं पाणी आटलेलं लक्षात येत नाही आणि भांडं जळतं. हिने वहीत पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा तरंगता गोळा काढलाय. पाणी खाली गेलं की घंटी वाजणार. दिवाळीत पगार विचारणाऱ्या काकांनीही विचारलं नसेल इतकं खोदून विचारलं मी तिला, सगळी उत्तरं तयार!

निवड झाली तर 10,000 रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. हिचं खातंच नाही.

स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "ताई, तुम्ही राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचा फॉर्म भरा ना." रौप्यपदक, 50,000 रुपये, सगळं खरं. पण 2018पासून अर्ज स्वतःच भरायचा असतो, आणि आपली तारीफ आपणच टाइप करायची म्हणजे मला कसंतरीच होतं.

उद्या तिच्या आईला घेऊन बँकेत जायचंय. कुणाकडे जुना बॉलकॉक पडला असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.