मिनिटाला एक ठोका

मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला आल्यापासून नोव्हेंबर हा माझ्यासाठी कासवांचा महिना झाला आहे. येथील केप कॉड हा भूभाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा समुद्रात शिरलेला आहे. उन्हाळ्यात त्याच्या कुशीतल्या उपसागरात आलेली केम्प्स रिडले जातीची लहान कासवे दक्षिणेकडे परतू लागतात तेव्हा त्या बाकात त्यांची वाट अडते, आणि पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली गेले की बधिर होऊन ती वाऱ्याबरोबर वाळूवर येऊन पडतात. २०१४ साली अशी बाराशेहून अधिक कासवे सापडली. वेळासच्या किनाऱ्यावर आपली माणसे ज्या ऑलिव्ह रिडलेची घरटी डोळ्यांत तेल घालून राखतात, तिची ही सख्खी बहीण. म्हणूनच मी येथील कासवांच्या रुग्णालयात मदतीला जाऊ लागले.

पहिल्यांदा हाती आलेले कासव जेवणाच्या ताटाएवढे होते. पाठीवर शेवाळ, डोळे मिटलेले, पापणीला बोट लावले तरी हालचाल नाही. मान आणि पुढचा पाय यांच्यामधल्या मऊ कातडीवर आणि मागच्या पायांच्या खोबणीत ईसीजीचे चिमटे लावले, तेव्हा पडद्यावर सरळ रेघ उमटली. मी मान खाली घातली. पण शेजारची डॉक्टर घड्याळाकडे पाहत उभीच राहिली. बऱ्याच वेळाने रेघेवर एक बारीकसा उंचवटा आला. मिनिटाला एक ठोका पडत होता!

कासवाच्या हृदयात ठोक्याचा उगम शिरांच्या तोंडाशी असलेल्या सायनस व्हेनोसस नावाच्या पातळ कप्प्यात होतो. त्यामुळे कधीकधी आलेखातल्या नेहमीच्या पी तरंगाच्याही (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या संकेताच्याही) आधी आणखी एक चिमुकला तरंग दिसतो. ठोका मज्जातंतूंकडून येत नसून हृदयाच्या स्नायूतच जन्मतो, हे गॅस्केल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८३ साली कासवाच्याच हृदयावरून दाखवले होते. आपल्या हृदयात विद्युतलहर झटकन पसरवणारे जे खास तंतुजाळे असते, तसे वेगळे जाळे कासवाच्या हृदयात आढळत नाही; लहर एका स्नायुपेशीकडून दुसरीकडे जाते. त्यातच थंडीने पेशींतील आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, ये-जा मंदावते, म्हणून ठोके विरळ होतात, तरंग रुंद होतात, आणि मुळातच एक मिलिव्होल्टहून कमी असलेला संकेत नवख्या डोळ्याला दिसतही नाही. अशा आलेखाला माणसाचे मोजमाप लावणे हा त्या जिवावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

याची दुसरी बाजूही तितकीच कठीण आहे. मेंदू थांबल्यानंतरही कासवाचे हृदय कित्येक तास धडधडत राहू शकते. म्हणजे सरळ रेघ दिसली म्हणून मृत्यू मानता येत नाही, आणि ठोका दिसला म्हणून जीव वाचला असेही म्हणता येत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते. त्यात आम्लता आणि पोटॅशियम दोन्ही वाढलेले असले तर हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते. ऊबही बेताबेतानेच द्यावी लागते. साधारण १३ अंशांपासून सुरुवात करून रोज सुमारे तीन अंश वाढवतात, कारण रक्ताभिसरण सावरण्याआधीच शरीर तापले तर पेशींची प्राणवायूची मागणी त्या मंद हृदयाला पुरवता येत नाही.

माझ्या कासवाचा आलेख मी रोज पाहत होते. ठोक्यांमधले अंतर दिवसागणिक कमी होत गेले, पाचव्या दिवशी पाणी २४ अंशांच्या आसपास पोहोचले, आणि चिमटे लावायला गेले तेव्हा त्याने पुढच्या पायाने माझा हात जोरात बाजूला सारला.