रिस्टोअर केलेली राजदूत 350 घेताना

राजदूत 350 विकायला आहे असं कळलं की पहिल्यांदा फोटो येतात. आरशासारखी टाकी, नवा क्रोम, काळीशार चेसिस. मला ही गाडी मनापासून हवी होती आणि म्हणूनच बघायला जाण्याआधी क्रम पक्का केला: आधी कागद, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. रंग पैसे टाकले की कधीही करता येतो. उरलेल्या दोन गोष्टींचं तसं नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यामाहाच्या आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये ती भारतात आणली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर. सुरुवातीच्या ‘एचटी’ला (हाय टॉर्क) 30.5 बीएचपी, पुढे मायलेजसाठी ताकद उतरवलेल्या ‘एलटी’ला (लो टॉर्क) 27. त्या काळच्या 350 बुलेटची ताकद 18 होती, यावरून अंदाज यावा. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे मात्र दोन्ही चाकांना ड्रम आले. एवढ्या वेगाच्या गाडीला ते ब्रेक अपुरेच, असं माझं आजही स्पष्ट मत आहे.

मालक वयाने मोठे, बोलायला मोकळे. कागद मागितले तर म्हणाले, “आरसीची मुदत संपलीय, पण ही व्हिंटेजमध्ये होऊन जाईल.” तसं होत नाही. 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि अशी गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. ऐंशीच्या दशकातली राजदूत त्यात बसत नाही. तिला साध्या गाडीचाच नियम: पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. मी म्हटलं, “काका, नूतनीकरण तुमच्या नावावरच होऊ दे. व्यवहार त्यानंतर करू.” त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी ते केलं. जुन्या गाडीत मी एक अट कधीच सोडणार नाही, ती हीच.

चेसिस नंबर वाचणं सोपं नव्हतं. पावडर कोटिंगचा थर आकड्यांत बसला होता. खडू घासून, टॉर्च तिरपा धरून एकेक आकडा आरसीशी ताडला. इंजिन नंबरही जुळला. आरसीवर रंग वेगळा होता, म्हणजे त्या बदलाची नोंद करून घेणं आलं.

मग इंजिन. फोनवरच विनंती केली होती की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी सायलेन्सरला हात लावून पाहिला, थंड होता. गरम केलेली टू-स्ट्रोक बरंच काही लपवते. दुसऱ्या किकला सुरू झाली, धूर भरपूर. सुरुवातीचा धूर चालतो, ऑइल जळणारच. तो विरला. खटकलं ते दुसरंच: ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम (इंजिनाच्या फिरण्याचा वेग) वरच रेंगाळायचा आणि मग सावकाश उतरायचा.

हे लक्षण नीट समजून घ्यावं असं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या बंद भागात येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं हवाबंदच हवीत. डाव्या, म्हणजे जनरेटरच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि एखाद्या लांब चढावर इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन आतच अडकतो. उजव्या, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबतच नाही. कार्ब्युरेटरचे रबर फाटले तरी आरपीएम असाच रेंगाळतो, त्यामुळे अंदाजावर बोलण्यात अर्थ नव्हता.

मालकांच्या परवानगीने माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने प्रेशर टेस्ट केली. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत सहा पीएसआय हवा भरायची आणि काटा टिकतो का ते बघायचं. उजवा सिलिंडर टिकला. डावीकडचा काटा लगेच खाली आला आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे सीलपाशीच निघाले.

काकांना खरंच धक्का बसला. इंजिन पूर्ण बांधून मिळालं अशी त्यांची समजूत होती. आम्ही रिस्टोरेशनचं बिल काढून ओळ न ओळ वाचलं: बोअर, पिस्टन, रिंगा, बफिंग, क्रोम. क्रँक नाही, बेअरिंग नाही, सील नाही. बाहेरून दिसणारं सगळं झालं होतं. बिलातून एक चांगली गोष्टही कळली. पिस्टन पहिल्याच ओव्हरसाइजचे, म्हणजे मूळ मापापेक्षा एकच पायरी मोठे होते. स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 64 मिलिमीटर, दर वेळी पाव मिलिमीटरने वाढतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अजून आयुष्य होतं. ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंपही जागेवर आणि चालू होता. अनेक जण तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. हा पंप ॲक्सिलरेटरप्रमाणे ऑइल कमी-जास्त करतो, तो काढणं मला पटत नाही.

क्रँकच्या कामाचा अंदाजे खर्च किमतीतून वजा केला आणि व्यवहार ठरला. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. गाडी आमच्याच आरटीओची, त्यामुळे एनओसीचा फेरा वाचला. विम्याच्या हस्तांतरणाचा अर्ज चौदा दिवसांच्या आत केला. ही मुदत लोक सर्रास विसरतात.

घरी आणल्यावर गाडी चालवली नाही, सरळ इंजिन उतरवलं. क्रँकची बेअरिंग आणि दोन्ही सीलं नवी बसवली, पुन्हा प्रेशर टेस्ट केली, काटा हलला नाही. दोन्ही सिलिंडरचे इग्निशनचे पॉइंट वेगवेगळे, म्हणून ठिणगीचं टायमिंगही वेगवेगळं लावलं, कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवले. आता ॲक्सिलरेटर सोडला की आरपीएम ताबडतोब खाली येतो. रनिंग-इन, म्हणजे नवे भाग बसेपर्यंत हळू चालवणं, चालू आहे. ते संपलं की पुढच्या ब्रेकच्या लायनर बदलायच्या आहेत.