पन्नास रुपयांवर अडीच रुपये

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मी व्हॅटच्या काळापासून लोकांचे कर भरतोय. 11 तारीख ही जीएसटीआर-1 ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या विवरणपत्राची शेवटची, म्हणून 10 ला सगळे जागे होतात आणि नेमकं त्याच संध्याकाळी पोर्टल धापा टाकायला लागतं. गेल्या नोव्हेंबरात अशाच 10 तारखेला जांबोटीकडचे एक मामा पिशवीभर बिलं घेऊन आले. रानाला लागून त्यांच्या पर्यटकांसाठीच्या खोल्या आहेत. दिवाळीची गर्दी जोरात झाली होती. मोटारसायकलवर मागे त्यांचा शेजारी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत उतारा आणि पासबुक. हत्तीनं कापणीला आलेलं भात तुडवलं होतं, भरपाईचा अर्ज करायचा होता. अर्ज कानडीत, म्हणून त्याला पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं.

बिलं सोपी होती. पाहुणा पुण्याचा असो की पणजीचा, खोली जिथं आहे तिथलाच कर. म्हणजे अर्धा केंद्राचा, अर्धा कर्नाटकचा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. हे न समजता आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा कर लावून ठेवणारे माझे व्यवसायबंधू आहेत, त्यांची दुरुस्ती करण्यात माझा निम्मा मार्च जातो.

पण प्रत्येक बिलावर खोली आणि जेवणाखाली निळ्या शाईत तिसरी ओळ होती : ‘वन निधी, माणशी 50’. समोर कराचा रकाना कोरा.

“मामा, हे काय?”

“हत्तीसाठी ओ सर. पावणे हत्ती बगायला येतात, आणि भात जातंय ह्या शेजाऱ्याचं. बॅटऱ्या घेतल्या चौघांना, राखणीच्या माळ्यावर पत्रा घातला.”

ऑक्टोबरात 186 माणसं, म्हणजे 9300 रुपये. आता कायदा असा, की राहण्याच्या बिलात तुम्ही जे जे लावता ते सगळं त्या सेवेच्या किमतीत धरलं जातं, नाव काहीही द्या. पन्नासावर अडीच रुपये. सव्वा दिल्लीला, सव्वा बेंगळुरूला. एकूण 465.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग ह्या टॅक्समधलं रानाला किती जातंय?”

मी 3-बी चा, म्हणजे कर भरायचा फॉर्म उघडून दाखवला. रानाचा रकाना नाही. पैसा तिजोरीत जातो आणि तिथून वन खात्याला काय मिळायचं ते अर्थसंकल्पात ठरतं. व्याघ्र प्रकल्पांसाठी वन्यजीव कायद्याच्या 2006 च्या दुरुस्तीनं निदान प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रतिष्ठानाची सोय केली. गेटवर घेतलेली फी तिथं राहू शकते. आमचं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्प नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर तर 2025 मध्ये कायदाच केला : राहण्याच्या करात पाऊण टक्का वाढ, निसर्गासाठी आणि हवामान बदलाला तोंड देण्यासाठी. हे मी मामांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, त्यांना 465 भरायचेच होते.

दुसरा कोणी ‘रोखीत घ्या, बिलावर लिहू नका’ म्हणाला असता. मी म्हटलं, ओळ काढा, काउंटरवर डबा ठेवा. पाहुण्यानं मनानं टाकलं तर ते बिलात येत नाही. सल्ला चोख होता. झेरॉक्सवाल्याकडून परत आलेला शेजारी दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं एवढंच विचारलं, “म्हणजे पुढच्या महिन्याला पन्नास नाहीत होय?”

डिसेंबरच्या 10 ला मामा आले. बिलं स्वच्छ, दोनच ओळी. सोबत बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. त्यांनी तो माझ्या टेबलावर उपडा केला. 340 रुपये, त्यात एक चिकटवलेली वीसची नोट.

“ह्याला नाही ना ओ टॅक्स?” त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं.