सात वर्षांचं काळं पाणी

परभणी-नांदेडकडं काळं पाणी म्हटलं की अंदमानच डोळ्यापुढं येतं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या चोराचं काळं पाणी मात्र ऑस्ट्रेलियात. पहिल्याच चोरीला तिथली कोर्टं सहसा एवढ्या लांब धाडत नसत. 'सराईत चोर' असा शिक्का बसला की ७ वर्षं, १४ वर्षं, नाहीतर जन्मठेप. चारेक महिने समुद्र. टास्मानिया बेटावरच्या होबार्ट बंदरात उतरल्यावर उंची, डोळ्यांचा रंग, व्रण, दंडावरचं गोंदण, सगळं वहीत. पळाला तर ओळख पटावी म्हणून. ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्समध्ये ७ वर्षंवाल्याला नीट वागला तर ४ वर्षांनी मोकळं राहून काम करायचा परवाना मिळे. मजुरी स्वतःची, पण नेमून दिलेला जिल्हा सोडायचा नाही. दारू पिऊन सापडला की परवाना गेला! आज जुन्या कागदांत अशा कैदी बायकांची नोंद शोधताना माहेरचं नावही बघा. स्कॉटलंडच्या कागदांत बहुधा तेच असतं.