फोमच्या तलवारीचे वजन

नाटकासाठी हत्यारे करणाऱ्याला तलवार करायची नसते, तर दहाव्या रांगेतून तलवार दिसेल अशी वस्तू करायची असते. पूर्वी हे काम पुठ्ठा, प्लायवूड आणि बेगड यांवर भागत असे, पण झटापटीत प्लायवूडची कड बोटावर बसली की शूर सरदार पुढचा संवाद कळवळत म्हणायचा. थर्माकोल हलका खरा, परंतु त्यावर स्प्रेचा रंग मारला की रंगातल्या द्रावकाने तो जागोजाग विरघळतो. म्हणून हल्ली व्यायामाच्या मॅट ज्याच्या असतात तो ईव्हीए फोम वापरतात.

5 मिमी जाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये फायबरची काठी घालून, दोन्ही बाजूंना रबरी गोंद लावून, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मगच पट्ट्या जोडाव्यात. घाई केली तर जोड सुटतो आणि एकदा वाकडा बसला तर सरळ होत नाही. नव्या पात्याच्या कटरने धार तिरकी उतरवल्यावर हीट गनची गरम हवा फिरवली की फोमची छिद्रे मिटून पृष्ठभाग किंचित चकाकतो. त्यावर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात, मग काळा रंग आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी. परजेच्या, म्हणजे मुठीवरच्या हात वाचवणाऱ्या कडीच्या, खोबणीत काळा रंग राहू द्यावा, कारण नवीकोरी, एकसारखी चमकणारी तलवार खेळण्यातली वाटते.

सरळ पात्याची धोप तलवार यात सहज साधते, दांडपट्टा मात्र परीक्षा पाहतो. 2024 मध्ये तो महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला आणि आता शाळेच्या स्नेहसंमेलनातही तो हवा असतो. खोबळा, म्हणजे हात झाकणारी त्याची लांब मूठ, फोमचा उत्तम होतो, कारण गरम केलेला फोम कोपरापर्यंत हवा तसा वळतो. अडचण पात्याची आहे. पोलादी पाते लवते आणि तत्क्षणी परत येते, फोमचे नुसतेच लोंबते. आत प्लास्टिकची लवचीक पट्टी घातली तर थोडा जीव येतो, तरी पोलादाची चपळाई येत नाही, हे मान्य करून पट्ट्याचे हात बसवावे लागतात.

आवाजाचीही तीच गत. फोमवर फोम आदळला की उशी झटकल्यासारखा आवाज येतो. कोकणातल्या दशावताराने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे: तिथे युद्धाचा सगळा आवाज पखवाज आणि झांज करतात, नट फक्त तालावर हत्यार फिरवतो. ध्वनिमुद्रित खणखणाटापेक्षा मला हीच रीत प्रामाणिक वाटते, शिवाय तिथे वार आणि आवाज यांची चुकामूक होत नाही.

उरतो प्रश्न वजनाचा. हलकी तलवार हातात आली की नट ती छडीसारखी भराभर फिरवतो आणि भीमाची गदाही एका मनगटावर नाचू लागते. यावर काही दिग्दर्शक तालमीत खरी जड काठी देतात. मी मुठीच्या आत, गादीखाली (मुठीच्या टोकाच्या चकतीखाली), लोखंडी नटबोल्ट चिकटपट्टीने घट्ट बांधून फोममध्ये पुरता बंदिस्त करतो. पाते जसेच्या तसे हलके राहते, पण हात आपोआप मंदावतो. लहान मुलांच्या हत्यारांत मात्र लोखंड अजिबात घालू नये. त्यांच्याकडून गदा दोन्ही हातांनी उचलून घ्यावी.