काळी एक, उणे तीन: बेस आणि पिच-शिफ्टरची पावसाळी नोंद

मागच्या नोंदीत ऑक्टेव्हरपर्यंत, म्हणजे सूर एक सप्तक खाली नेणाऱ्या पेडलपर्यंत आलो होतो. या पावसाळ्यात पुढचं काम हाती घेतलं: तार न उतरवता बेस गिटार पिच-शिफ्टरनं (सूर वर-खाली सरकवणाऱ्या पेडलनं) गायकाच्या पट्टीत न्यायची, आणि तीही अशी की तबल्याला खटकू नये.

आमच्या बेळगावात हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात येतो. एक गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) अभंग म्हणतो, त्याच्या मागोमाग गायिका काळी पाचमध्ये दासरपद (कन्नड हरिदासांचं भक्तिपद) लावते, मध्येच पांढरी चारमध्ये एखादं कन्नड शरणांचं वचन. भीमसेन जोशींनी मराठी अभंग आणि कन्नड दासरपदं दोन्ही तितक्याच जीव ओतून गायिली, आणि सीमाभागातल्या श्रोत्याला एका बैठकीत दोन्ही ऐकायची सवय आहे. पेटीवाला बोटं सरकवतो किंवा स्केल-चेंजरची पट्टी ढकलतो. बेसवालाही फ्रेट (पडदा) बदलू शकतो, पण मोकळ्या तारेचा खर्ज सरकत नाही, आणि भजनात बेसचं निम्मं काम तो खर्जच करतो.

आकड्यांत सांगतो. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालची ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते. काळी एकचा सा म्हणजे सी शार्प. ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर तो ६९.३ हर्ट्झला मिळतो, पण त्याच्या खालचा, भरदार, ३४.६५ हर्ट्झचा सा ई तारेपेक्षा तीन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एका फ्रेटचं अंतर) खाली आहे. ई तार तेवढी उतरवली तर ती ढिली पडून फ्रेटवर आपटते, आणि दोन गाण्यांच्या मधे तेवढा वेळही कोण देणार? म्हणून पेडल उणे तीनवर. मोकळी ई झाली सा, मोकळी ए झाली मध्यम, ए तारेचा दुसरा फ्रेट पंचम. हाताची जागा अगदी सोपी होते. काळी पाचसाठी अधिक एक लावायचं, की मोकळी ए तार ५८.२७ हर्ट्झवर गायिकेचा सा देते.

आता खरी अडचण. पहिल्याच तालमीला आमचा तबलजी थांबला आणि म्हणाला, "अरे, तुझा सा मागनं येऊलाय की!" त्याचं बरोबर होतं. ४१.२ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. गिटारच्या खालच्या ई तारेला त्याच्या निम्मे. यंत्र कितीही महाग असो, लाट पूर्ण होण्याआधी तिची लांबी त्याला कळणार कशी? २४ मिलिसेकंदांत आवाज साधारण आठ मीटर जातो, म्हणजे तबलजीच्या कानाला मी स्टेजच्या मागच्या कनातीपलीकडे बसून वाजवल्यासारखा ऐकू येतो.

आत काय चालतं ते समजून घेतल्यावर बऱ्याच गोष्टी सुटल्या. पेडल आलेला आवाज स्मृतीत साठवतं आणि वेगळ्या गतीनं वाचून काढतं. उणे तीनला ही गती मूळच्या सुमारे ०.८४ पट असते. हळू वाचल्यामुळे वाचणारा मागे पडत जातो, म्हणून त्याला मधूनमधून पुढे उडी मारावी लागते. ती उडी ऐकू येऊ नये म्हणून दोन वाचणारे ठेवतात: कीर्तनात एक झिलकरी श्वास घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो, तसं. साठवणीचा तुकडा लाटेपेक्षा आखूड असेल तर सांधा जुळत नाही आणि खर्जात घरघर ऐकू येते. तुकडा लांब ठेवला तर घरघर जाते आणि उशीर वाढतो. इव्हेंटाइडचा एच९१० हार्मोनायझर १९७५ चा, डिजीटेकचा व्हॅमी १९८९ चा. तेव्हापासून यंत्रं कितीतरी सुधारली, पण खर्ज आणि उशीर यांतली ही ओढाताण बेसवाल्याच्या वाट्याला अजून आहेच.

ऑक्टेव्हरमध्ये हे एवढं जाणवत नाही. १९८२ च्या बॉस ओसी-२ सारख्या ॲनालॉग पेडलमध्ये वाचणं-साठवणं काही नसतं. दर लाटेला एकदा उलटणारं एक सर्किट असतं, त्यामुळे कंपनसंख्या निम्मी होते. एका वेळी एकच सूर त्याला झेपतो, दोन तारा एकदम छेडल्या की ते अडखळतं. (एकदम अनेक सूर हवे असतील तर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या पॉगसारखं डिजिटल पेडल लागतं.) पण मोठा फायदा असा की ऑक्टेव्हरसोबत मूळ आवाज मिसळता येतो. बोटाचा ठोका मूळ आवाजातून वेळेवर पोचतो, खालचा सप्तक मागून आला तरी कान माफ करतो. पट्टी बदलताना ही सोय नाही. मूळ आवाज दुसऱ्याच पट्टीत असतो, तो जरा जरी मिसळला तरी गायक वळून बघतो. ऑक्टेव्हर आणि ट्रान्सपोज (पट्टी बदलणारं) ही एकाच कपाटातली पेडलं असली तरी ती हाताकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात, हे या पावसाळ्यात पुरतं पटलं.

म्हणून गेले काही आठवडे पेडलचे नॉब सोडून उजव्या हातावर काम केलं. पिकअपवर, पुलाजवळ (तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे) छेडलं की सुरुवातीला कडक उपस्वर येतात आणि पेडल गोंधळतं. फिंगरबोर्ड संपतो तिथे, बोटाच्या मांसल भागानं, नखाचा स्पर्श न होऊ देता तार दाबून सोडली की मूळ स्वर लगेच उभा राहतो. नेक पिकअप, टोन अर्ध्याच्या खाली. अंगठा वरच्या तारेवर टेकवून सरकता ठेवायचा, म्हणजे न वाजणाऱ्या तारा गप्प राहतात. एक मोकळी तार जरी सहानुभूतीनं घुमत राहिली तरी खर्जात भोवरा तयार होतो. गोल गुंडाळीच्या तारा काढून फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) चढवल्या, आणि नवं पेडल घेण्यापेक्षा जास्त फरक यानं पडला असं मी ठामपणे म्हणेन. कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारा) पिच-शिफ्टरच्या आधी, हलका. ड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारं पेडल) नंतर.

उशिरावर उपाय एकच: आधी छेडणं. ठेक्याच्या ॲपवर भजनी ठेका संथ लावायचा, पेडलमधून वाजवायचं, फोनवर ध्वनिमुद्रण करायचं आणि लाटांचं चित्र मोठं करून बघायचं. धा चं टोक कुठे, बेसचं टोक कुठे. समेवरचं अंतर सगळ्यात आधी दिसतं. हळूहळू बोट समेच्या किंचित आधी पडायला लागतं, पण मन समेवरच ठेवावं लागतं, नाहीतर लय पळते. लग्गी (तबल्याची जलद बोलांची भर) सुरू झाली की मी सरळ सा आणि पंचमावर थांबतो. तिथे चालीचे सूर वाजवण्याचा हट्ट पेडलला आणि गाण्याला दोघांनाही जड जातो.

घरी सराव करताना कान झाकणारे हेडफोन घ्या. लहान आवाजात तारेचा स्वतःचा नाद ऐकू येतो आणि तो पेडलच्या सुराशी भांडत राहतो.

तानपुऱ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. आमच्या गायकाचा तानपुरा मिरजेचा आहे. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, त्याचा आनंद इकडेही झाला.) गायक तो कानानं, त्या दिवशीच्या गळ्याप्रमाणे लावतो, त्यामुळे तो ए म्हणजे ४४० हर्ट्झ या ठरलेल्या मापात असेलच असं नाही. माझ्या पेडलवर सेमीटोनपेक्षा बारीक पायरी नाही. पण तशी लागतच नाही. तानपुरा पंधरा सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा असेल तर बेसच पंधरा सेंट चढा लावायचा. पेडल प्रत्येक सूर एकाच गुणोत्तरानं बदलतं, त्यामुळे चढेपणा जसाच्या तसा पुढे जातो. ट्यूनर मात्र पेडलच्या आधी जोडायचा, म्हणजे तो खऱ्या तारेचं बोलतो. शुद्ध गंधार फ्रेटवरच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट उतरा असतो, म्हणून लांबलेल्या गंधारावर मी बेस धरून ठेवत नाही. पंचमाचा फरक दोनच सेंटचा, तो निर्धास्त धरावा.

डिजिटल पेडलला वीज जास्त लागते. सगळ्यांना एकाच अडॅप्टरच्या माळेत ओवलं की चिर्र असा आवाज येतो, म्हणून त्याला स्वतंत्र अडॅप्टर दिला. बेळगावच्या पावसात नेक थोडी वाकते, तारांची उंची जुलैत पुन्हा बघून घ्या.

३४.६५ हर्ट्झचा सा मांडवातल्या स्पीकरमधून येत नाही, अशी शंका एका मित्रानं काढली. मूळ कंपन फारसं येत नाही, खरं आहे. पण त्याचे ६९ आणि १०४ हर्ट्झचे उपस्वर येतात आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर स्वतः धरतो. पेडलनंतर ड्राइव्ह अगदी नावापुरता वाढवला तर ते उपस्वर ठळक होतात आणि खर्ज बसल्या जागी ओळखू येतो. शहापूरच्या एका छोट्या सभागृहात हे तपासून पाहिलं, मागच्या रांगेपर्यंत सा पोचला.

आता पुढचं काम मींडेचं. फ्रेटवर बोट घासलं की सूर पायऱ्यांनी उतरतो, पायानं चालवायच्या पेडलवर मात्र तो सलग उतरतो. मध्य सा पासून मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे पाच सेमीटोन, एवढी उतरण ठेवली आहे. पायाला टाचेपर्यंतचं अंतर पाठ झालंय, पण मधल्या कोमल निषादावर क्षणभर थांबता येत नाही. पायपट्टीवर तिथे एक पातळ रबराची खूण चिकटवून बघतोय.