कुंडलिकेवर व्हीलचेअरसह राफ्टिंग : या हंगामातील प्रगती

कोलाडजवळची कुंडलिका वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानुसार वाहते. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते आणि वीज तयार झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते, म्हणूनच भर उन्हाळ्यातही येथे सकाळी राफ्ट, म्हणजे हवा भरून फुगवलेली होडी, चालते. १९२७ पासून चालू असलेल्या त्या केंद्राचा आमच्या सरावाशी थेट संबंध आहे, कारण व्हीलचेअरवरून राफ्टमध्ये कसे बसायचे हे पाण्याच्या पातळीवर ठरते.

पाणी पोहोचण्यापूर्वी काठ आणि राफ्ट यांच्यामध्ये गोटे उघडे असतात व त्यांवर पुढची लहान चाके अडकतात. पाणी चढल्यावर मात्र राफ्ट टणक जमिनीला टेकेपर्यंत जवळ आणता येते. त्यामुळे आता आम्ही सर्वांत शेवटी निघतो. राफ्टचा कडेचा फुगा आणि खुर्चीची बैठक यांच्या उंचीत थोडाच फरक असतो. दोघांनी राफ्ट धरली, एकाने खुर्ची मागून रोखली आणि मध्ये गुळगुळीत फळी ठेवली की मी हातांच्या जोरावर स्वतः सरकतो. उचलून नेण्यात आणि स्वतः सरकण्यात माझ्या लेखी फार मोठा फरक आहे. आतून परत फुग्यावर चढणे अजून अवघड जाते. त्यासाठी फोमचा ठोकळा पायरीसारखा वापरून पाहत आहोत.

इतर जण आडव्या फुग्याखाली पाय रोवून तोल सांभाळतात. मला ते शक्य नसल्याने तळाशी बसून पाठीला आणि दोन्ही कुशींना फोमचा आधार घेतो. हा आधार घट्ट हवा, पण पट्टा, बकल किंवा गाठ यांपैकी काहीही शरीराला राफ्टशी जोडणारे नसावे. राफ्ट उलटली तर माणूस आपोआप सुटला पाहिजे. या नियमाला कोणासाठीही अपवाद करू नये.

पाण्यात पडल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत, असे सर्वांना शिकवले जाते. पायांवर ताबा नसलेल्या व्यक्तीचे शरीर लाइफ जॅकेटमध्ये कसे वळते, हे आधी संथ पाण्यात मदतनिसासह तपासणे आवश्यक आहे. मी जाड पँट आणि बंद बूट घालतो व बाहेर आल्यावर पायांची त्वचा नीट पाहतो, कारण संवेदना नसलेल्या जागी खरचटलेले कळत नाही. मज्जारज्जूची दुखापत वरच्या भागात असेल, तर दुखापतीखालच्या शरीराला पुरेसा घाम येत नाही. कोकणातल्या उन्हात अशा सोबत्यांसाठी ओले टॉवेल आणि सावली ही तयारी लाइफ जॅकेटइतकीच महत्त्वाची आहे.

पुढचे काम शेवटच्या, म्हणजे राफ्टमधून उतरण्याच्या, काठाचे आहे. व्हीलचेअरसाठी १:१२ उताराचा रॅम्प धरला, तर दोन मीटर उंचीच्या काठाला चोवीस मीटर लांबी लागते आणि पातळी रोज बदलत असल्याने त्याचे खालचे टोक कायमचे ठरवता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडा आणि मनोरंजनातील सहभागाची तरतूद आहे, तेव्हा पक्क्या रॅम्पची मागणी आम्ही करणारच आहोत. तोपर्यंत गुंडाळता येणारी रबरी चटई आणि रुंद टायरची खुर्ची घेऊन त्या चढावर सराव चालू ठेवू.